कापणं सोडलेले सर्जन

मी पौडच्या दवाखान्यात नर्स होते, तेव्हा पुण्याहून दर गुरुवारी एक सर्जन यायचे. त्यांचा हात नावाजलेला होता. पण ऑपरेशनं सोडून ते कॅन्सरच्या संशोधनाला लागले होते. मिश्री लावणाऱ्या बायकांची तोंडं तपासायचे. "आ करा, आणखी थोडं," एवढंच बोलायचे. नजर गालाच्या आत. चेहऱ्याकडे बघायचेच नाहीत.

भरे गावच्या एका आजींच्या गालात गाठ निघाली. त्या म्हणाल्या, "तुमीच कापा, डॉक्टर. दुसऱ्याला मी हात लावू द्यायची न्हाई."

"मी कापलेल्या गाठी पुन्हा आल्या, आजी. त्या का येतात ते शोधतोय," ते म्हणाले.

तरी स्वतःच्या जीपमधून त्यांनीच आजींना पुण्याला नेलं; सोबतीला मीही गेले. दुसऱ्या सर्जनचं ऑपरेशन संपेपर्यंत नातेवाइकांच्या बाकावर माझ्याशेजारी बसून राहिले. बोटं सारखी हलत होती, टाके घालत असल्यासारखी. दार उघडताच त्यांनी विचारलं, "गाठ कुठाय?" गाठीची बाटली दोन्ही हातांत धरून ते प्रयोगशाळेकडे जवळजवळ धावलेच. आजी कशा आहेत, हे विचारलंच नाही.

आजी शुद्धीवर आल्या. "माझा डॉक्टर कुटं हाय?"

"तुमच्याच कामाला गेलेत," मी म्हणाले.

मी खरं बोलले की नुसती त्यांची समजूत घातली, माझं मलाच कळेना.