टाच्याने वाचलेले बूट

टाच्या गेला त्याला सव्वादोन महिने झाले होते, आणि पाट्या रंगवणारा पेंटर बेसबॉलच्या शेवटच्या डावात मैदानाच्या मधोमध हातात चेंडू घेऊन उभा होता.  समोर छापखान्याची टीम. नऊ वर्षं या टीमने त्यांना धूळ चारली होती, आणि आज, पहिल्यांदाच, ते एका धावेने पुढे होते. छापखान्याचे दोन गडी बाद झाले होते, तिसरा बाद झाला की सामना खिशात. तिसऱ्या बेसवर एक जण धावायला टपला होता. आता बॅट घेऊन आला तो दांडगा, छापखान्यात कागदाची रिळं उचलणारा.

"एकदा यांना हरवायचं, मग मी गुडघे मोडून बसणं बंद करीन," असं टाच्या दरवर्षी म्हणायचा. तेवढं एकच राहून गेलं होतं.

टाच्याचं बूटदुरुस्तीचं दुकान होतं, बसस्टॉपच्या मागे, एक खुर्ची आणि एक काउंटर मावेल एवढं. दिवसभर ओठांत खिळे धरून बोलायची सवय, त्यामुळे ओठ न हलवता बोलण्यात पठ्ठ्या पटाईत झाला होता. हीच कला मैदानावर कामी आली. तो कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून पेंटरने फेकलेला चेंडू झेलणारा. तिथून त्या बॅटवाल्याच्या बायकोची, सासूची, बुटांची चौकशी चालायची, आणि अंपायरला कोण बोलतंय ते कळायचं नाही.

पण खरी गंमत वेगळीच होती. उकिडव्या माणसाच्या डोळ्यांसमोर बूटच असतात, आणि टाच्या बूट वाचायचा. ही सगळी कामधंद्याची माणसं, रोजच्याच बुटांत खेळायची. ज्याची टाच मागून झिजलेली, तो मागे रेलतो, त्याला अंगापासून लांबचा चेंडू पोचत नाही. ज्याचा चवडा घासलेला, तो पुढे झुकतो, त्याला अंगाजवळ टाकायचा. त्यावर कहर म्हणजे तेच बूट हा बाबा दुकानात दुरुस्त करून द्यायचा. अगदी छापखानेवाल्यांचेसुद्धा, एकदम चोख. पेंटरने किती डोकं आपटलं, अरे निदान सामन्याच्या आठवड्यात तरी थांब. टाच्या म्हणायचा, गिऱ्हाईक लंगडत गेलं तर मला झोप लागत नाही.

दांडगा मात्र कधी दुकानात फिरकला नव्हता. त्याची उजवी टाच वर्षानुवर्षं मागून झिजलेली. "याला लांब टाक, डोळे मिटून लांब टाक," हे पेंटरला पाठ होतं.

आता टाच्याच्या जागी त्याची मुलगी बसली होती. दुकान तीच चालवते. बापाचा ग्लोव्ह घालायची हिंमत टीममध्ये दुसऱ्या कुणाची झालीच नाही. तिने बोटाने खूण केली: अंगाजवळ. पेंटरने मान हलवली, नाही. मनात म्हणाला, पोरी, तुझ्या बापाने मला हे शिकवलंय. त्याने लांब टाकला.

दांडग्याने असा काही हाणला की चेंडू थेट कुंपणापार.  पण रेषेच्या हातभर बाहेर पडला, म्हणून वाचले. पहिला स्ट्राइक, म्हणजे दांडग्याच्या तीनपैकी एक संधी गेली.

पुन्हा तीच खूण. पेंटरने पुन्हा मान हलवली, पुन्हा लांब टाकला. या वेळी चेंडू रेषेच्या वीतभर बाहेर. दुसरा स्ट्राइक. आणखी एक चुकला की दांडगा बाद. आणखी एक असा बसला की सगळं संपलं.

मुलगी उठली, अंपायरला हात केला आणि तरातरा पेंटरकडे आली. बापासारखेच ओठ न हलवता बोलली.

"काका, ती टाच आता नाहीये. बाबा गेल्यावर तो भेटायला आला होता. काय बोलावं सुचेना, तर पायातले बूट काढून ठेवले आणि मोज्यांवर घरी गेला. दोन्ही टाचा मी नव्या बसवल्यात. आता तो पुढे झुकून उभा राहतो."

पेंटरने तिच्या खांद्यावरून दांडग्याच्या बुटांकडे पाहिलं.  गेल्या दोन महिन्यांत त्याने टाच्याचं काहीच हलू दिलं नव्हतं. मुलीने चारदा सांगूनही दुकानाची पाटी रंगवली नव्हती. कधी ब्रश बारीक, कधी हवा दमट.

"टाका ना," ती म्हणाली.

त्याने टाकला. अंगाजवळ, पोटाच्या उंचीला, होता नव्हता तेवढा जोर लावून. दांडग्याची बॅट गर्रकन फिरली आणि चेंडू धप्पकन त्या जुन्या ग्लोव्हमध्ये बसला. क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग टीममधला बेकरीवाला धावत सुटला, त्याच्यामागे शाळेतला शिपाई, मग सगळेच, आणि पेंटर त्या गर्दीच्या तळाशी हसत होता आणि ढसाढसा रडतही होता. नऊ वर्षं, राव!

 दांडग्याने आपल्या बुटांकडे बघितलं, एक टाच जमिनीवर आपटून पाहिली.

"काम तुझ्या बापासारखंच आहे," तो मुलीला म्हणाला, आणि बॅट खांद्यावर टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दुकान उघडायला आली तर शिडी लावलेली होती आणि पेंटर वर चढला होता. पाटीवरचं टाच्याचं नाव त्याने पुसलं नाही, नुसतं उजळलं. त्याखाली, पट्टी लावून, अगदी तेवढ्याच मापाच्या अक्षरांत, त्याने तिचं नाव लिहायला घेतलं.