बाबांच्या हातातला दोर

दोर बाबांच्या हातात होता, आणि त्यांना जांभई आली... ती जांभई मला अजून जशीच्या तशी दिसते — कर्नाळ्याच्या अलीकडच्या एका काळ्या कड्याचा माथा, पिवळं पडलेलं डिसेंबरचं गवत आणि डोळे लाल झालेले माझे बाबा. तळोज्याच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून ते थेट इकडे आले होते. त्यांच्या शर्टाला रसायनाचा तो आंबूस, नाकात बसणारा वास येत होता, जो आईने दोनदा साबण लावला तरी जात नसे.

मी दहा वर्षांची होते. पनवेलच्या आमच्या गिर्यारोहण ग्रुपमध्ये बाबा जुने, त्यामुळे मी कडा उतरताना माझ्या कमरेचा सुरक्षेचा दोर वरून त्यांनीच धरायचा, हे ठरलेलं. ग्रुपचे म्होरके नाना पायथ्याच्या गावचे. चढायच्या आधी माझा पट्टा आवळताना ते म्हणाले होते, "दोनच शब्द ध्यानात ठेव, पोरी. दोर सैल पायजे तर 'ढील', घट्ट पायजे तर 'ताण'. बाकी काय बोलायचं नाय." मग नाना खालीच थांबले, आणि वर आम्ही दोघंच उरलो.

मागे झुकून मी पहिली दोन पावलं कड्यावर टाकली आणि बाबा दिसेनासे झाले. तापलेल्या दगडाचा वास, घामेजलेले तळवे... पण खरं सांगते, दरीची भीती मला वाटलीच नाही; भीती एकच होती — त्यांचा डोळा लागला तर? मी ओरडले, "ताण!" दोर कमरेला गच्च बसला. म्हणजे जागे आहेत! दोन पावलं उतरले, की पुन्हा तीच धाकधूक, पुन्हा "ताण!" आणि पुन्हा वरून तो हिसका. शेवटी मी अर्ध्या कड्यावर पालीसारखी चिकटून राहिले, तेव्हा खालून नाना करवादले, "अगं ए, तुला उतरायचं हाय का वर जायचं हाय?" वरून बाबांचं हसू ऐकू आलं, चांगलं मोठ्याने, आणि त्या हसण्याच्या भरवशावर मी एकदाची "ढील" म्हणाले.

मी कारण सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. परतीच्या एसटीत मात्र ते माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले, आणि खांदा बधिर झाला तरी पनवेल येईपर्यंत मी हलले नाही.

आता बाबा पंचाहत्तरीचे आहेत. अर्धांगवायूनंतर ते डावा पाय ओढत चालतात. जिना उतरताना कमरेला एक रुंद पट्टा बांधावा लागतो आणि मागून तो मी धरते. काल मी ऑफिसातून दमून आले होते. जिन्याच्या मध्यावर मला जांभई आली... मोठी, आवाज करणारी. बाबा थांबले. कठड्यावरचा हात न काढता, मागे न बघता हळूच म्हणाले, "ताण."

पट्टा सैल नव्हता. तरी मी ओढला.