पहिला गिलास ठेकेदाराचा

"प्या ना मंग. इथंच, सगळ्यायसमोर प्या," मामी ओरडून राह्यली होती. तिचा आवाज असा की मारुतीच्या देवळावरचा भोंगा लाजून आपोआप बंद पडला. समोर आमच्या गावचा शिंदीचा ठेकेदार उभा होता, आणि मामीनं त्याच्यापुढे धरला होता त्याच्याच दुकानातल्या शिंदीनं काठोकाठ भरलेला स्टीलचा मोठा गिलास.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथकडच्या आमच्या गावात दर साली गावची कमिटी हर्रास करते. वर्षभर गावात शिंदी, म्हणजे शिंदीच्या झाडाची ताडी, कोणी विकायची, त्याची बोली लागते. तेलुगू लोक तिला कल्लू म्हणतात, पण चढायला भाषा आडवी येत नाही. गावाला शिंदीची झाडं मूठभर. विक्री मात्र अशी की ती शिंदी नदीत सोडली असती तर गोदावरीला पूर आला असता. झाडाची थोडी, बाकी पाणी, साखर आणि झोपेची पावडर, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. कुत्री त्या दुकानापुढे उभी राहत नसत.

माझ्या मामांचं किराणा दुकान. तळहातावर डाळ घेऊन वजन सांगणारा माणूस, पण त्या पावडरीच्या पायी दिवस मावळायच्या आत साखरेच्या पोत्यावर आडवा. गिऱ्हाइकं आपल्या हातानं तेल मोजून न्यायची, आणि तेलाचा हात कधी आखडता नसतो. मामीला दुसरं काही नको होतं. "मले नवरा जागा पाह्यजे," एवढंच ती म्हणायची.

त्या दिवशी हर्रासाआधी पारावर वाद पेटला. शाळेचे मास्तर म्हणाले, "नशा ती नशा. आजपासून शिंदी गावातून बंद."

कमिटीचे म्हातारे अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, बंद केली त लोक गांज्याकडं वळतीन. चालू द्या जशी हाय तशी."

अर्धं गाव मास्तरांकडे, अर्धं अध्यक्षांकडे. मग मामी उठली.

"पलीकडच्या गावानं एका दिवसात बंद केली. काय झालं? मानसं थरथरले, झटके आले, जीपा भरून आदिलाबादले नेले." (मी तर ऐकलं होतं की त्या थरथरीनं खाटा चालत रस्त्यावर आल्या.) "बंद नोका करू. पन इकायची त झाडाची इका. अन् इकनाऱ्यानं रोज पयला गिलास इथं पारावर सोता प्यायचा. मंग गावानं."

आणि तिनं तो भरलेला गिलास ठेकेदारापुढे धरला. ठेकेदार हसला. "वैनी, आज माहा उपास हाय."

"बुधवारचा कोन्ता उपास, भाऊजी?"

"गनपतीचा."

"त मंग गनपतीले सांगतो मी. शिंदी झाडाचीच हाय म्हनता ना? फळाचा रस समजून घ्या."

सगळा पार हसला. मास्तरही हसले, आणि त्यांना हसताना गावानं पहिल्यांदाच पाहिलं. बोली हातची जाईल म्हणून ठेकेदारानं तिच्या हातातला गिलास घेतला आणि एका दमात रिकामा केला. मिशी पुसली. "पाह्यलं? काई झालं?"

काही झालं नाही. मामी पडलेल्या चेहऱ्यानं खाली बसली. मला वाटलं, गेलं सगळं.

पण लोक वर्षानुवर्षं मुरलेले होते. त्या बिचाऱ्यानं मात्र आपला माल आयुष्यात चाखला नव्हता. अध्यक्षांचं भाषण लांबलं, आणि हर्रास पुकारला तेव्हा ठेकेदार पाराच्या कठड्याला टेकून असा घोरत होता की दूरच्या भैंशा गावातल्या कापसाच्या जिनिंगवाल्यांनी आपली मशिनं बिघडली का म्हणून तपासली. त्याला हलवलं, नाव घेऊन हाका मारल्या. त्यानं एक डोळा उघडला, आपल्या बायकोला "मास्तर" म्हणाला आणि परत घोरायला लागला.

बोली सुटली झाडावर चढून स्वतः शिंदी उतरवणाऱ्या माणसाला, मामीच्या अटीसकट. अध्यक्षांनी अट दोनदा मोठ्यानं वाचली. बायांनी हलगी मागवली. मामीच्या गळ्यात झेंडूचे इतके हार पडले की तिला रस्ता दिसेना, म्हणून मी पुढे चाललो आणि निम्मा मान मीच घेतला. ठेकेदाराला खाटेवर घालून त्याच मिरवणुकीत घरी पोचवलं. तो मधूनच हलगीच्या ठेक्यावर पाय हलवायचा.

त्यानंतरचे आठवडे, पावडर सुटली म्हणून, मामांना जड गेले, आणि इथं मी काडीचंही वाढवून सांगत नाही. हात थरथरायचे, जेवण जात नव्हतं. आदिलाबादच्या डॉक्टरांनी त्यांना आणि गावातल्या बाकीच्यांनाही गोळ्या दिल्या आणि त्या हळूहळू कमी करत नेल्या. मामी उशाशी बसून असायची.

दिवाळीला मी मामांच्या दुकानात गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मामा गल्ल्यावर बसून तुरीची डाळ जोखत होते. मी विचारलं, "मामा, नवी शिंदी कशी काय?"

"आंबट राह्यते," मामा म्हणाले. "झोपच येत नाई. मंग बसतो दुकानात."