सरूमावशी आणि पुठ्ठ्याचे बैल

पुठ्ठ्याची नळी हातात आली की सरूमावशी आधी तिला डोळा लावायच्या. दुसरा डोळा मिटून, तोंड वाकडं करून आरपार बघायच्या, मग नळी दोनदा जमिनीवर आपटायच्या आणि मगच लेकरांच्या हाती द्यायच्या. मला वाटलं, म्हातारपणी खेळ सुचलाय. विचारलं तर म्हणाल्या, "इचू बसतो माय असल्या जागी. पल्याडचा उजेड दिसला की समजायचं, घर रिकामं हाय."

लोह्याजवळच्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आणि त्या मदतनीस. म्हणजे कागदावर मी वरची, त्या खालच्या. प्रत्यक्षात काय चालायचं ते गावाला ठाऊक होतं. खिचडी शिजवायची, झाडलोट करायची, घरोघरी जाऊन लेकरं गोळा करायची, ही त्यांची कामं. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. मी मात्र प्रशिक्षण घेतलेली, वर मोबाइलवर व्हिडिओ बघून नवं काही करायची भारी हौस. नळ्यांचे प्राणी करायचं खूळ माझंच.

पण नळ्या आणायच्या कुठून? त्याची तोड मावशींनी काढली. आमच्याकडं कुणाचाही वाढदिवस असो, चौकात फ्लेक्स लागतोच. ते फ्लेक्स ज्या नळ्यांवर गुंडाळून येतात त्यांचा ढीग लोह्याच्या दुकानामागं पडलेला असतो. मावशींनी पुरुषभर उंचीच्या चार नळ्या मागून घेतल्या आणि टमटममध्ये आडव्या घातल्या. कुणीतरी विचारलं, "कुणाच्या बोअरचे पाइप हो?" मावशी म्हणाल्या, "पाइप न्हाईत, हत्ती हायेत. सरकून बसा." सुतारानं त्यांचे वीतभर तुकडे करून दिले. चिकटवायला कणकेची खळ, कानाशिंगांना जुन्या लग्नपत्रिका आणि पायांना कडब्यातली धाटं.

पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं जिराफ केला.  एकजण म्हणाला, "शेळी हाय." दुसरा म्हणाला, "तिची मान कुणी वढली?" मी वैतागले. मावशी चुलीपाशी बसून हसत होत्या. म्हणाल्या, "बाई, आधी वळखीचं जनावर येऊ द्या. पाव्हणं मागून येतंय." त्यानंतर आमच्या अंगणवाडीत बैल, शेळ्या, कुत्री आणि एक रेडकू तयार झालं. जिराफ कपाटावर गेला तो गेलाच.

या लेकरांत एक स्वरा होती. चार वर्षांची. आईवडील पुण्याला कंपनीत, ही आजीजवळ. अंगणवाडीला यायची ती मावशींच्या कडेवर, एक पाऊल चालायची नाही. खाली ठेवलं की अंग टाकून द्यायची. आजीचे गुडघे गेलेले, त्यामुळं मावशी नेतील तेव्हाच पोर घराबाहेर. मावशींचेही गुडघे दुखायचे, पण त्याची चिंता त्यांना नव्हती. पोळ्यानंतर महिनाभरात त्या निवृत्त होणार होत्या. रोज जिना उतरल्यासारख्या त्या दिवस मोजायच्या आणि म्हणायच्या, "मी गेल्यावर हिला कोण उचलून आणंल, बाई? घरीच बसंल लेकरू." 

पोळा जवळ आला तसे आम्ही सगळ्यांनी बैलच करायला घेतले. स्वराच्या बैलाला तीनच पाय होते. एक शिंग आभाळाकडं, दुसरं भुईकडं. पर्यवेक्षिका मॅडमना फोटो पाठवायचा म्हणून मी चौथा पाय लावायला गेले. मावशींनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. चौथा मुडपून बसलाय त्यो." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लेकराच्या हातचं वाकडं चालतंय. आपल्या हातचं सरळ नको." तो फोटो मी तसाच पाठवला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, मावशींना हुक्की आली. वाटीत हळद-तेल कालवून त्यांनी लेकरांना पुठ्ठ्याच्या बैलांचे खांदे मळायला लावले. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," असं आमची सगळी फौज त्या नळ्यांना ओरडून सांगत होती. जुन्या लुगड्याचे काठ फाडून प्रत्येक बैलाला कासरा बांधला आणि बैल घरी पाठवले. मला इतकं छान वाटलं की मी त्या दिवशी खिचडी दोनदा खाल्ली.

घोळ झाला तो तिथंच. हळद लागलेला, आवतन दिलेला बैल. घरच्यांनी त्याला कुंकू लावलं, पुरणाचा निवद दाखवला आणि सरळ देव्हाऱ्यात ठेवला. आता पूजलेल्या वस्तूशी लेकरांनी खेळायचं कसं? गावभर रडारड. स्वरानं तर जेवणच सोडलं. मावशींनी कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं. गंमत म्हणून आवतन दिलं, पण आवतन ते आवतन. चला, मी निस्तरते."

कर, म्हणजे पोळ्यानंतरचा बैलांच्या विसाव्याचा दिवस, उलटल्यावर त्या स्वराच्या घरी गेल्या, मी बरोबर होते. तिची आजी, गोदाक्का, ऐकायला तयार नव्हती. "पूजा केलेल्या बैलाला पोरगी पाय लावंल. पाप कुणाला लागंल, सरू?"

मावशी शांतपणे उंबऱ्यावर बसल्या. "गोदाक्का, परवा गोठ्यातल्या बैलाची पूजा केलीस का न्हाई?"

"केली की."

"मग त्याला देव्हाऱ्यात बसवलंस का?"

गोदाक्कांना हसू आवरेना. मावशी पुढं म्हणाल्या, "पोळा झाला, कर झाली. आता बैल औताला जाणार. ह्यो बी जाऊ दे. लेकराचं खेळणं हेच त्याचं औत."

बैल खाली आला. स्वरानं तो छातीशी धरला आणि सवयीनं मावशींकडं हात वर केले, उचल म्हणून. मावशी जागच्या हलल्या नाहीत. "आणि बैल कोण हाकंल? कडेवर बसून कुणी बैल हाकतंय का?" स्वरानं हात खाली घेतले. त्या कासऱ्याकडं बघितलं. मग बैल जमिनीवर ठेवला आणि निघाली. तीन पायांचा तो बैल दर पावलाला कलंडत होता, ती थांबून त्याला उभा करत होती. गोदाक्कांच्या दारापासून अंगणवाडीपर्यंतच्या वाटेला आम्हांला अर्धा तास लागला. मावशी मागून चालत होत्या. पदर मात्र दोनदा डोळ्यांना गेला, तो मी बघितला. त्यानंतर स्वरा रोज बैल हाकत यायची, पण मावशी न्यायला गेल्या तरच.

महिन्यानं, एका शनिवारी आम्ही मावशींना निरोप दिला. नवं लुगडं, हार, कपाळभर कुंकू आणि पुरणपोळीचं जेवण. मावशी लाजून म्हणाल्या, "पोळ्याच्या बैलावानी नटवलंत की मला!" लेकरं खो खो हसली. मला हसता आलं नाही. घरी जाऊन मी रडले.

सोमवारी अंगणवाडी उघडली. एकेक लेकरू आलं, स्वरा नाही.  मावशींचं भाकीत खरं झालं म्हणायचं. लेकरं एका आईच्या हवाली करून मी गोदाक्कांकडं धावले. त्या म्हणाल्या, "ती तर कवाच गेली, आपल्या पायानं!"

सापडली ती मावशींच्या दारात. मावशी ओट्यावर सूप घेऊन डाळ निवडत होत्या. समोर स्वरा उभी, एका हातात कासरा, मागं कलंडलेला बैल.

"मावशी, चल."

"अगं माय, आता मी न्हाई येत. माझं काम सरलं."

"सरलं न्हाई," स्वरा म्हणाली. "परवा तुझा पोळा झाला. काल कर झाली. आता चल."

मावशी माझ्याकडं बघायला लागल्या.  त्यांनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात रोवून उठल्या आणि चपला शोधायला लागल्या.