हजेरीपटावरचा तिसावा

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्याच्या हद्दीतला, हेही धड सांगता येत नाही. ही एक घटना मात्र आजही जशीच्या तशी समोर उभी राहते. तिच्यात माझी शोभाच झाली, तरी सांगतो.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जुन्या जिल्ह्यातून कागदपत्रं ट्रंकांमधून येत होती आणि कोणत्या ट्रंकेत काय आहे ते त्या ट्रंकेलाच ठाऊक. त्यात दुष्काळ. मी उदगीरकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. मुद्देमालाच्या खोलीपेक्षा पाण्याच्या रांजणावर पहारा जास्त कडक, अशी आमची अवस्था होती.

आदल्या वर्षी हद्दीतल्या एका गावात विहिरीच्या पाण्यावरून मारामारी होऊन एक माणूस दगावला होता. पंचविशीतला एक सालगडी आरोपी म्हणून तुरुंगात होता. त्याच्याविरुद्ध पुरावा काय, तर त्याच्या खोपटामागच्या कडब्याच्या गंजीतून जप्त केलेली कुऱ्हाड. जप्तीच्या पंचनाम्याला दोन पंच होते. एक वारला. दुसरा हदगावकडून विहिरी खणायला आलेला मजूर. तो अंगठा देऊन गेला आणि गायबच झाला. कोर्टाचं वॉरंट घेऊन माझे जमादार दोनदा हदगावला जाऊन आले आणि एसटीची धूळ खाऊन रिकाम्या हातानं परतले. हा पंच साक्षीला उभा राहिला की सालगड्याला जन्मठेप, नाही राहिला तर केस ढासळली, असा सरळ मामला होता.

अशात जळकोटच्या बाजूच्या एका गावातून निनावी अर्ज आला. तो होता प्रौढ शिक्षण वर्गाविरुद्ध. असा वर्ग उघडायचा तर नियम ठरलेले होते. गावचेच तीस प्रौढ हवेत, वय पंधरा ते पस्तीस. शिकवणारा गावातला हवा. वर्ग कुणाच्या घरात नको, कुणालाही येता येईल अशा जागी हवा. हजेरी रोजची, आणि ज्याला सही येऊ लागली त्यानं सहीच करायची. तीस भरले नाहीत तर वर्ग बंद. अर्जदाराचं म्हणणं, शिकवणाऱ्या बाईंनी पन्नाशी उलटलेला एक परगावचा इसम घुसवून तिसाचा आकडा भरला, ही सरकारची शुद्ध फसवणूक आहे. खाली नाव नव्हतं, पण मध्येच ‘शिकवणाऱ्याच्या जागेसाठी आलेला आमच्या बंधूंचा अर्ज डावलून’ असं एक वाक्य होतं. निनावी लिहिणाऱ्याला नाव झाकता येतं, दुखणं झाकता येत नाही.

मी जमादारांना घेऊन गेलो. गावातले बहुतेक लोक पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जात. काम सुटलं की दिवस मावळायच्या आत तासभर शाळेच्या ओसरीवर वर्ग भरे. मला वाटलं होतं, कागदावर तीस आणि ओसरीवर तीन असतील. प्रत्यक्षात ओसरी भरलेली होती. दिवसभर मुरूम उपसून आलेले बायाबाप्ये, नखांत माती तशीच, पाटीवर मान घालून बसलेले. फौजदार दारात आला की गाव उठून उभं राहतं. इथं दोघातिघांनी वर पाहिलं आणि पुन्हा पाटीत मान घातली. माझ्या वर्दीचा एवढा सुखाचा अपमान पुन्हा कधी झाला नाही.

बाई तिशीच्या, मॅट्रिक झालेल्या. त्यांनी हजेरीपट पुढे केला. सह्या तपासत मी शेवटी आलो. तिसाव्या ओळीत वय पस्तीस, गाव इथलंच, हे बाईंच्या अक्षरात. पुढे मोठमोठ्या, थरथरत्या अक्षरांत सही. ती वाचली आणि मी जमादारांकडे पाहिलं. आमच्या वॉरंटवरचंच नाव होतं ते.

तो माणूस कोपऱ्यात बसला होता. पळाला नाही. मी त्याला आणि बाईंना बाजूला घेतलं.

“मामा, गाव खोटं लावलंत, वय खोटं लावलंत. मग नाव का खरं लिहिलंत? त्याच नावानं आम्ही शोधतोय.”

“गाव अन् वय बाईनं लिवलं, साहेब. नाव मी लिवलं.” तो म्हणाला. “बाई म्हन्ल्या होत्या, दुसरं कोन्तं बी घाला. पर जिंदगीत पयल्यांदा लिवायचं, ते खोटं कसं लिवू?”

बाई म्हणाल्या, “साहेब, गुन्हा माझा आहे. एकोणतीस झाले होते. वर्ग बंद पडला असता.”

मी पंचाला विचारलं, वॉरंट असताना तोंड का लपवलं? कुणी दमदाटी केली का? पैसे चारले का? त्यानं नकारार्थी मान हलवली.

तो म्हणाला, “मी कुऱ्हाड चावडीत पाह्यली, साहेब. टेबलावर होती. अंगठा लाव म्हन्ले, लावला. नंतर लोकं म्हनून राहिले, तुझ्या अंगठ्यानं त्या पोराला जन्मठेप हाय. कागदावर काय लिवलं ते मलाच ठावं न्हाई, तर कोर्टात हाव म्हनू का न्हाई म्हनू? म्हनून शिकून राहिलो. मी तो कागद वाचीन, मंग बोलीन.”

जमादार दुसरीकडे बघू लागले. कारण तो पंचनामा मीच लिहिला होता, चावडीत बसून. ऊन मी म्हणत होतं. कुऱ्हाड आणून देणाऱ्या गावकऱ्यानं ‘गंजीतून काढली’ असं सांगितलं आणि मी ते स्वतः पाहिल्यासारखं उतरवून काढलं. कुणाला अडकवायचा हेतू नव्हता. नुसता आळस होता, आणि त्या आळसावर एका पोराची जन्मठेप उभी होती.

खोटं कशाला बोलू, त्या ओसरीवर माझ्या मनात पाप आलं. वर्ग बोगस आहे असा शेरा मारला असता तर दोन दिवसांत कुलूप लागलं असतं. खटल्याची तारीख दीड महिन्यावर होती. अर्धवट शिकलेला पंच पिंजऱ्यात गोंधळला असता आणि सरकारी वकिलांनी त्याच्याकडून ‘हो’ वदवून घेतलं असतं.

तेवढ्यात बाईंनी विचारलं, “साहेब, तो कागद छापील आहे की हातानं लिहिलेला? मामांना छापील येतंय. हाताचं अक्षर अडतं.”

“हातानं लिहिलेला.”

“कुणाचं अक्षर?”

“माझं,” मी म्हणालो.

बाई जराही चपापल्या नाहीत. “मग एक पान लिहून द्या. त्यावरच सराव घेते.”

त्या बाईंचं मला आजही आश्चर्य वाटतं. खोट्या हजेरीपटाबद्दल स्वतः अडकलेल्या, समोर फौजदार, आणि चिंता कशाची, तर विद्यार्थ्याचं हस्ताक्षर-वाचन कच्चं राहील याची! मी मुकाट्यानं खाली बसलो. काय लिहावं सुचेना, म्हणून समोर दिसेल तेच लिहीत गेलो. ओसरी कोणत्या दिशेला, कोण कुठे बसलंय, फळा कशाला टेकवलाय, घागरीत पाणी किती. पान भरल्यावर लक्षात आलं, इतका चोख पंचनामा मी नोकरीत कधी लिहिला नव्हता.

तारखेला हजर राहीन असा पंचाचा जातमुचलका घेऊन त्याला तिथेच सोडला. अर्जावर अहवाल दिला की एकोणतीस पात्र आहेत. तिसावा वयात बसत नाही, तरी बसून शिकू शकतो, पण मोजता येणार नाही. बाईंना समज दिली आहे, आकडा भरायला आठ दिवस द्यावेत. चौथ्याच दिवशी आकडा भरला. निनावी अर्ज करणाऱ्याचीच बायको पाटी घेऊन ओसरीवर येऊन बसली होती. अर्जदाराचं तोंड बघण्यासारखं झालं असेल, पण ते सुख माझ्या नशिबी नव्हतं.

लातूरच्या कोर्टात तारखेला पंच पिंजऱ्यात उभा राहिला. सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला. “हा अंगठा तुमचा?”

“हाव.”

“पंचनामा तुमच्यासमोर झाला?”

“आधी वाचू द्या, साहेब.”

वकील हसले. न्यायाधीश हसले नाहीत. “वाचू द्या,” ते म्हणाले.

ओळीखाली बोट धरून तो मोठ्यानं वाचू लागला. जोडाक्षराशी अडायचा, मागे यायचा, पुन्हा धरायचा. आरोपीच्या पिंजऱ्यातला पोरगा गज धरून ऐकत होता. त्याचा जन्म त्या बोटाखालून एकेक शब्द पुढे सरकत होता. माझं अक्षर, माझी वाक्यं, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. गंजीच्या ओळीपाशी तो थांबला. म्हणाला, “हे मी पाह्यलं न्हाई. कुऱ्हाड चावडीत होती.” मग पुढे वाचत शेवटाला आला. “पंचनामा आम्हास वाचून दाखविला, तो बरोबर आहे.” त्यानं ती ओळ दोनदा वाचली आणि न्यायाधीशांकडे पाहिलं.

“साहेब, वाचून दाखवला म्हनून लिवलंय. ते आज झालं.”

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मी नोकरीत नामांकित वकिलांचे युक्तिवाद ऐकले आहेत, पण कोर्ट असं स्तब्ध झालेलं पुन्हा पाहिलं नाही.

सालगडी सुटला. निकालपत्रात माझ्यावर ताशेरे आले आणि ते रास्तच होते. साक्षीच्या दिवशी बाहेर लिंबाखाली मी पंचाला गाठलं. विचारलं, “मामा, माझं अक्षर वाचता आलं का?”

“लई वाकडं हाय, साहेब,” तो म्हणाला. “पर आलं.”

पुढे निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक पंचनामा जागेवर उभा राहून लिहिला आणि पंचाला वाचून दाखवला. वाचताना कागदाकडे कमी आणि त्याच्या तोंडाकडे जास्त पाहायचो. अंगठा देणारा माणूस अडाणी असतो, आंधळा नसतो. एवढी साधी गोष्ट मला पोलीस ट्रेनिंग स्कूलमध्ये कुणी शिकवली नव्हती. ती मी त्या ओसरीवर शिकलो, आणि तिथल्या हजेरीपटावर माझं नाव कधी लागलं नाही.