जहाजांची पन्नास कार्डं

शेजारच्या चाचींनी मला ती कार्डं दिली तेव्हा मी पस्तिशीची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल. ठाण्याला नाणी, तिकिटं, जुनी कार्डं यांची प्रदर्शनं भरत. तिथे दोनदा जाऊन मी काडेपेटीवरची चित्रं विकून आले होते. तेवढ्यावर आमच्या निजामपुऱ्यात मी जाणकार!

चाचा खलाशी होते. जुन्या सिगारेटच्या पाकिटांतून निघणारी ही कार्डं त्यांनी बंदरोबंदरी फिरून जमवलेली. पन्नास कार्डं, प्रत्येकावर वेगळं जहाज. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

"विकायची नाहीत," चाची म्हणाल्या. "फक्त किंमत विचारून ये. माझा दीर अजून हसतो, भाऊ दर्यावर गेला नि कागद कमावून आला. जाणत्या माणसाने किंमत सांगितली तर त्याचं तोंड बंद होईल."

आता माझी अक्कल बघा. आमचे चार लूम होते. विणलेल्या कापडाचं ठाण व्यापाऱ्याकडे जाण्याआधी काठावरचे सुटे धागे कातरायचं काम माझं. नीटनेटक्या ठाणाला भाव चांगला मिळतो, हे डोक्यात पक्कं. कार्डांचे कोपरे झिजलेले, कडा पिवळ्या. मी तीच कातर घेतली आणि पन्नासच्या पन्नास कार्डांच्या कडा सरळ केल्या. मऊ पडलेली वाटली म्हणून तांदळाची कांजी लावून वरून इस्त्रीही फिरवली. काय कडक झाली होती! नवऱ्याला म्हणाले, "बघा, कशी कोरी दिसतायत!"

प्रदर्शनातल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने भिंग लावलं, कार्ड उलटं केलं, मग नाकाशी नेलं.

"बाई, या बोटीला पेजेचा वास कसा काय?"

त्याने कातरलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"पूर्ण संच होता हो. जसा होता तसा आणला असता तर दोन हजार आत्ता मोजले असते."

"आणि आता?"

"आता वहीत चिकटवा."

घरी येऊन मी चाचींना काय सांगितलं? "तशा कार्डांना काही किंमत नसते म्हणाला." खोटं! माझी कातर वाचावी म्हणून मी चाचांना बुडवलं.

चाचींनी मला सरबत दिलं. "जाऊ दे, उन्हातून गेलीस बिचारी," म्हणाल्या. मग हळूच, "म्हणजे दीर खरंच बोलत होता."

सरबत तसंच ठेवून मी घरी आले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी जाऊन सगळं ओकून टाकलं. वाटलं, आता दार लावतील तोंडावर. चाचींनी एक कार्ड उचलून त्याची कड बघितली.

"दोन हजार म्हणाला? नक्की?"

"हो."

"चल, ऊठ."

मला थेट दिराच्या ओसरीवर नेऊन उभं केलं. "सांग त्याला."

मी किंमत सांगितली. दिराने भुवया उडवल्या. "मग कुठायत दोन हजार?"

झालं! किंमत खरी ठरवायची तर कातर, कांजी, इस्त्री, सगळं कबूल करणं आलं. मान खाली घालून केलं. दीर इतका हसला की त्याला ठसका लागला.

"हस, पोटभर हस," चाची म्हणाल्या. "पण हिच्यावर. भावावर नको."

त्यानंतर चाचींकडे कोणीही पाहुणा आला की ही गोष्ट सांगायला मला हाक यायची. जावंच लागे. मी घाईघाईने उरकायला लागले की त्या मधेच अडवत, "अगं, इस्त्रीचं राहिलं!"