खुर्ची वाजली

"म्हणजे मी माझ्या बापाला घराबाहेर काढतोय, असं म्हणायचंय तुला?"

नवऱ्याने हे विचारलं तेव्हा ती कोबी चिरत होती. तिने तसं म्हटलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली होती, की महिनाभरासाठी लेकीकडे गेलेला म्हातारा माणूस परत येतो तेव्हा त्याच्या पलंगावर कुणीतरी कपड्यांच्या घड्या रचलेल्या असतात. नवऱ्याला ते लागलं. तो म्हणाला, ताईचं घर मोठं आहे, तिला हौस आहे, बाबांनाही बदल होईल. आणि इथला तो प्रकार जरा थंड होईल.

'तो प्रकार' म्हणजे बाबांचा वारा सरणं. घरात त्याला नाव नव्हतं. नवरा 'तो प्रकार' म्हणे, कॉलेजात जाणारी मुलगी नुसतं 'ते' म्हणे आणि नणंद फोनवर 'बाबांचं हे' म्हणे.

पुढच्या खोलीत तिचं पाळणाघर होतं. पूर्वी ती टेलिफोन ऑपरेटर होती. यंत्रं आली, नोकरी गेली, आणि शेजारणीने एक दिवसापुरतं म्हणून आपलं बाळ तिच्याकडे ठेवलं. ते बाळ आता मिसरूड फुटून दुसऱ्या गावी नोकरीला होतं. खोलीत मुलांच्या उंचीवर दप्तरांचे हूक होते, भिंतीशी गुंडाळलेल्या गाद्या होत्या, सगळ्यांना एकाच रंगाच्या वाट्या होत्या, कारण वाट्यांच्या रंगावरून झालेली भांडणं तिने पुरेशी पाहिली होती. तिला मुलांचा फार लळा आहे असं कुणी म्हटलं नसतं. तिला मुलांची सवय होती. ती त्यांच्याशी बोबडं बोलत नसे. मुलांना ते आवडे.

त्याच खोलीत, खिडकीशी, बाबांचं शिवणयंत्र होतं. दुकान बंद करून ते घरी आणलं तेव्हा चांगला उजेड तेवढ्याच खिडकीत होता. मुलांच्या दप्तरांचे बंद, सुटलेली बटणं, उसवलेल्या खिशांच्या टिपा, हे सगळं बाबा न सांगता करून टाकत. मुलं त्यांना शिंपीआजोबा म्हणत.

गेल्या वर्षी बाबांच्या आतड्याला पीळ पडला आणि ऑपरेशन झालं. त्यानंतर त्यांचं पोट बोलघेवडं झालं. स्वतः बाबा फार कमी बोलत, त्यामुळे ते जास्तच जाणवे.

पहिल्यांदा मुलांसमोर झालं तेव्हा तिने पटकन एक खुर्ची फरशीवर सरकवली आणि म्हणाली, "खुर्ची वाजली." मुलांनी खुर्चीकडे पाहिलं आणि चित्रं रंगवायला लागली. बाबांनी मान वर केली नाही. मग ती रीतच पडली. खिडकीपाशी आवाज झाला की ज्याच्यात्याच्या हाताशी असेल ती खुर्ची सरकायची. तिने सरकवली, जेवणाच्या वेळी मदतीला येणाऱ्या बाईने सरकवली, एकदा तर पोस्टमनसमोर नवऱ्याने सरकवली. पाहुण्यांना वाटे, या घरात कुणी एका जागी बसतच नाही.

मुलं ही गोष्ट तिला वाटलं त्यापेक्षा लवकर शिकली. हळूहळू स्वतःचं झालं की तीही खुर्ची सरकवायला लागली. ज्याच्या हाताशी खुर्ची नसे तो दाबून धरी. एक दिवस जेवणानंतर चिमणी नावाने ओळखली जाणारी चार वर्षांची मुलगी पोट धरून रडायला लागली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, सगळ्या खुर्च्यांवर कुणीतरी बसलंय.

तिने चिमणीला बाथरूमपाशी नेलं, पाठीवरून हात फिरवला. पोट मोकळं झालं. परत आल्यावर चिमणीने सगळ्यांदेखत विचारलं, "काकू, खुर्चीला वास का येतो?"

मदतीची बाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. काकू मात्र गादीवर बसली. चूक आपली आहे, हे तिला कळलं होतं, आणि ती तिथल्या तिथे निस्तरायची होती.

तिने सांगितलं, की खुर्ची वाजत नाही, माणूस वाजतो. आपण गडबडीत जेवतो, जेवताना बोलतो, तेव्हा घासाबरोबर हवाही गिळतो. त्यातली काही ढेकर होऊन वरून परत जाते, काही खाली उतरते. शिवाय पोटात शेवटी एक मोठी नळी आहे. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव राहतात. आपल्याला न पचलेलं उरतं ते हे जीव खातात. वाटाणे, कोबी त्यांना फार आवडतात. ते जेवले की त्यातून वायू तयार होतो. तो साठला की पोट फुगतं, दुखतं, म्हणून शरीर त्याला बाहेर सोडतं. वास थोड्याशाच वायूला असतो, पण तेवढा पुरतो. हे सगळ्यांना होतं.

"तुला पण?" एकाने विचारलं.

"मला पण."

"माझ्या आईला नाही होत," दुसरा ठामपणे म्हणाला. त्यावर तिने वाद घातला नाही.

मग तिने आजोबांचं सांगितलं. त्यांचं पोट डॉक्टरांनी उघडलं होतं आणि पुन्हा शिवलं होतं. त्यानंतर त्यांना खायला काही द्यायची परवानगी नव्हती. डॉक्टर रोज येऊन विचारायचे, वारा सरला का? सरला तर आतडं चालू झालं म्हणून समजायचं. सगळं घर दवाखान्यात त्या एका आवाजाची वाट पाहत बसलं होतं. आला, तेव्हा काका बहिणीला फोन करायला जिन्यावरून धावत गेले होते.

मुलांनी खिडकीकडे आदराने पाहिलं. चिमणी उठून यंत्रापाशी गेली.

"पोट तुम्हीच शिवलंत का, आजोबा?"

"नाही गं," बाबा म्हणाले. "मी शिवलं असतं तर टीप सरळ आली असती."

विषय तिथे संपायला हवा होता. पण ज्या मुलाच्या आईला होत नव्हतं, त्याने त्या रात्री चारचौघांत आईकडे तिच्या पोटातल्या जिवांची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी ती आई आली, पाठोपाठ आणखी एक आली. दोघी सभ्यपणे बोलल्या. आजोबा आत बसले तर बरं, असं सुचवलं. आत म्हणजे मागच्या खोलीत, जिथे दिवसाही दिवा लावावा लागे. नवरा तेव्हा घरी होता. त्याने सगळं ऐकलं आणि बहिणीला फोन लावला.

त्यावरून हे भांडण चाललं होतं. बाबांना कुणी विचारलं नव्हतं. ते मागच्या खोलीत आडवे होते. मधल्या दाराला कडी लागत नसे, तेव्हा ऐकत असणारच.

नवरा म्हणाला, "तुझ्याच कामासाठी करतोय ना मी? उद्या मुलं काढून घेतली तर?"

मुलगी म्हणाली, आजोबांना तसंही जेवण जात नाही हल्ली, आत्याकडे तरी जेवतील.

तिने सुरी खाली ठेवली. हे तिच्या लक्षात आलं होतं आणि नव्हतंही. दुपारचं ताट परत येई, बाबा म्हणत भूक नाही. सकाळी तिने दोरीवरची त्यांची पँट काढली होती आणि कंबरेपाशी दोन जुन्या टिपांच्या खुणा पाहिल्या होत्या. बाबांनी पँट एकदा आत घेतली होती, मग आणखी आत घेतली होती. काम सुबक होतं. एरवी दिसलंही नसतं.

ती मागच्या खोलीच्या दारात गेली. बाबा जागे होते.

"बाबा, दुपारचे जेवत का नाही तुम्ही?"

 बाबा म्हणाले, "खाल्लं नाही की दुपार शांत जाते. मुलं असतात ना."

नवरा तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याने हातातला फोन खिशात टाकला, मग परत काढला, मग कुठे ठेवावा ते न कळून टेबलावर ठेवला.

ती स्वयंपाकघरात गेली. कोबी भांड्यात टाकला, झाकण ठेवलं, गॅस बारीक केला. हात पुसत बाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता म्हणाली,

"बाबा कुठेही जात नाहीत. यंत्रही खिडकीतच राहील. त्या दोघींशी उद्या मी बोलते, त्यांना नसेल पटत तर त्यांनी दुसरं पाळणाघर बघावं. आणि उद्यापासून बाबा दुपारी मुलांच्या पंगतीत जेवतील, पोटभर."